नदी ‘वर’ कशी चढेल? सहावीच्या वर्गात दिशा आणि नकाशा शिकवण्याबाबत

प्रश्न : माणदेशी गुरुजी

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका लहान शाळेत शिकवतो. माझा मूळ विषय गणित. परंतु या वर्षी सहावी आणि सातवीचा भूगोलही माझ्याकडे आला आहे आणि पहिल्याच सत्रात मी अशा ठिकाणी अडकलो आहे की पाठ्यपुस्तक पुढे रेटण्यापूर्वी येथील अनुभवी मंडळींना विचारावेसे वाटले.

प्रसंग असा घडला. राज्याचा कापडी नकाशा खिळ्याला टांगून मी मुलांना त्यांच्या रोजच्या ओळखीची माणगंगा दाखवत होतो. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असे करत माझे बोट पंढरपूर तालुक्यातील सरकोलीपर्यंत गेले, जिथे ती भीमेला मिळते. तेवढ्यात मागच्या ओळीतील एका मुलीने विचारले, “सर, सांगोल्यापर्यंत नदी खाली आली, मग तिथून पुढं वर कशी चढली?” वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी एकाला उभे करून उत्तर विचारले, तेव्हा त्यालाही ते देता येईना. मग मी सर्वांना डोळे मिटून उत्तर दिशेकडे बोट करायला सांगितले, तर पाच-सहा जणांची बोटे सरळ छताकडे गेली आणि उरलेल्यांची फळ्याकडे, कारण नकाशा फळ्याशेजारी टांगलेला होता. आमच्या वर्गाचा फळा पश्चिमेच्या भिंतीवर आहे.

हीच मुले राज्याचे छत्तीस जिल्हे तालासुरात म्हणून दाखवतात. मात्र मारुतीचे देऊळ शाळेच्या कोणत्या दिशेला आहे, हे विचारले की एकमेकांकडे पाहू लागतात. दिशा, नकाशाचे प्रमाण आणि जमिनीची उंची या तीन गोष्टी पाठांतराशिवाय त्यांच्या मनात कशा उतरवाव्यात? साधनांच्या नावाने शाळेत हा एक नकाशा, कणा मोडलेला एक पृथ्वीगोल आणि मैदान एवढेच आहे.

उत्तर १ : वाईच्या निवृत्त बाई

गुरुजी, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिची नदीची समज अगदी बरोबर आहे. पाणी चढत नाही हे तिला पक्के ठाऊक आहे, म्हणूनच तिला नकाशा खोटा वाटला. घोटाळा तिच्या डोक्यात नसून आपल्या ‘वर’ या शब्दात आहे. या एका शब्दाला आपण तीन कामांना जुंपतो. माळ्यावर चढणे हे ‘वर’, नदीच्या उगमाकडची बाजू ही ‘वर’ (धरणातून पाणी सोडले की आपण ‘वरून पाणी सोडलंय’ असे म्हणतो), आणि भिंतीवरच्या नकाशाची छताकडील कडही ‘वर’. पुण्याचा माणूस ‘खाली कोकणात’ जातो तेव्हा तो खरोखर घाट उतरत असतो. पण तोच माणूस ‘वर दिल्लीला’ जातो तेव्हा प्रत्यक्षात खालीच जात असतो, कारण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि दिल्ली सव्वादोनशे मीटरच्या आसपास. मोठ्यांच्या बोलण्यात हे चालून जाते, पण मुले शब्द शब्दशः घेतात. मी शेवटची बारा-पंधरा वर्षे भूगोलाच्या तासाला ‘महाराष्ट्राच्या वर मध्य प्रदेश’ असे म्हणण्यास बंदीच घातली होती. ‘उत्तरेस’ म्हणायचे. ‘वर’ हा शब्द फक्त उंचीसाठी राखून ठेवायचा. सुरुवातीला मीच जास्त वेळा चुकायची आणि मुले मला पकडायची, त्यामुळे नियम लवकर रुजला.

दुसरे काम म्हणजे नकाशा खिळ्यावरून उतरवून जमिनीवर पसरणे आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करणे. मात्र त्याआधी खरी उत्तर सापडली पाहिजे, आणि ती मुलांनीच शोधली पाहिजे. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ या वाक्यावर विसंबू नका. तो नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस तो पूर्वबिंदूपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे आणि जूनअखेरीस तेवढाच उत्तरेकडे सरकलेला असतो. आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे एक विजेचा खांब आणि एक कडुनिंब होता. दिवाळीनंतर सूर्य कडुनिंबाच्या बाजूने येऊ लागला की मुले आपणहून सांगायला यायची.

त्यापेक्षा काठीची सावली भरवशाची. सपाट जागी दोन हात उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवा, तिच्या बुंध्याला अडीच हातांची दोरी बांधून जमिनीवर वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते; ती आखडत येऊन तिचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खडा ठेवा. दुपारनंतर ती पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाला दुसऱ्या बाजूने शिवेल तिथे दुसरा खडा ठेवा. दोन खड्यांना जोडणारी रेघ ही पूर्व-पश्चिम. सकाळचा खडा पश्चिमेचा, दुपारचा पूर्वेचा. आपल्याकडे देवळाचा पाया आखताना शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या खुंटीच्या, सावलीवरून दिशा काढत असत, ती हीच रीत. हा प्रयोग हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात तो बिघडतो असे नाही, परंतु तुमच्या तालुक्यात साधारण १० मेपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ‘दुपारची सावली उत्तरेला’ एवढेच शिकलेले मूल तेव्हा गोंधळते. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही हेही मुलांच्या लक्षात येईल. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि माण तालुका त्याच्या पश्चिमेस पावणेआठ अंशांच्या आसपास येतो. दर अंशाला चार मिनिटे धरली तर वर्षाच्या सरासरीने तुमचा मध्यान्ह बारा वाजून गेल्यावर सुमारे अर्ध्या तासाने होतो. आपण गणिताचे शिक्षक आहात, या हिशोबाचा एक तास तुम्ही माझ्यापेक्षा चांगला रंगवाल.

दिशा हाती लागली की गृहपाठ द्या तो चतुःसीमेचा. प्रत्येकाने घरच्या शेताची चतुःसीमा आजोबांना विचारून लिहून आणायची : पूर्वेस कोणाचे रान, दक्षिणेस ओढा की बांध, पश्चिमेस रस्ता की आणखी काही. ज्यांना शेत नाही त्यांनी घराची आणावी. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला उगवती-मावळती विचारा, तो पापणी न लवता सांगेल. हे ज्ञान घरात आहे, शाळेत येईपर्यंतच ते वाटेत कुठेतरी सांडते.

प्रमाणाबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या खोलीत शहाबादी फरशी होती. मुलांना खोलीच्या लांबी-रुंदीच्या फरशा मोजायला लावायच्या आणि चौकटीच्या वहीत एका फरशीला एक चौकट या हिशोबाने खोली काढायला सांगायची. दुसऱ्या दिवशी तीच खोली दोन फरशांना एक चौकट धरून काढायची. खोली तीच, चित्र निम्मे का झाले, हे मूल स्वतःच्या तोंडाने सांगू लागले की प्रमाणाची व्याख्या सांगावी. त्याआधी नाही.

उत्तर २ : शहरातील एक माध्यमिक शिक्षिका

बाईंचे म्हणणे पटले, तरी छत्तीस जिल्ह्यांच्या पाठांतराची येथे जी थोडी चेष्टा झाल्यासारखी वाटते तिला माझी हरकत आहे. मी नववी-दहावीला शिकवते. दहावीला भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा असतो, त्यात नकाशा भरण्याचा प्रश्न असतो आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांना मराठवाड्यातील चार जिल्हेही धड सांगता येत नाहीत. दहावीच्या भूगोलात भारताची ब्राझीलशी तुलना करताना दोन्ही देशांच्या आराखड्यात काही नावे डोळे मिटून सापडली पाहिजेत, नाहीतर तुलना कशाची करायची? ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला सांगोला कुठे आहे हे आधीच ठाऊक होते, म्हणून तर तिला तो प्रश्न पडला. नावांचा साठा नसलेल्या मुलाला नकाशावर नवल वाटण्यासारखे काही दिसतच नाही.

पाठांतर कंटाळवाणे होऊ नये यासाठी मी गावांच्या नावांच्या भेंड्या खेळते, एका अटीवर : नाव घेणाऱ्याने ते गाव आधीच्या गावाच्या कोणत्या दिशेला आहे हेही सांगायचे. ग्रामीण शाळेत याहून सोपे साधन म्हणजे एसटी. गाड्यांच्या पाट्या मुलांना तोंडपाठ असतात आणि एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. दोन गावांमधील टप्पे मोजले की रस्त्याचे अंतर निघते, आणि तेच अंतर नकाशावर पट्टीने मोजले की सरळ रेषेत ते कमी का भरते हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

उत्तर ३ : पाटबंधाऱ्यातला आरेखक

मी शिक्षक नाही. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे पाणी कोणत्या बाजूला जाते या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजून लिहितो.

भिंतीवरच्या राजकीय नकाशात उंची दिसतच नाही. जिल्हे रंगवलेले असतात आणि त्यावर निळी रेघ ओढलेली असते. त्या रेघेने डावीकडे का जावे आणि उजवीकडे का जाऊ नये याचे कारण कागदावर कुठेच नसते. म्हणून मुलांना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, लवकर दाखवाव्यात, सातवीपर्यंतही थांबू नये. ओबडधोबड, डोंगरासारखा एक दगड घ्या आणि घमेल्यात ठेवा. दोन बोटे पाणी ओता आणि पाणी दगडाला जिथे टेकते तिथे सभोवार रेघ मारा. मग आणखी दोन बोटे पाणी, पुन्हा रेघ, असे शेंड्यापर्यंत. साधा खडू चालत नाही, पाण्यात पुसला जातो. तेलखडू घ्यावा आणि दगड आधी कोरडा असताना थोडा घासून घ्यावा. शेवटी पाणी काढून टाकून मुलाला दगडाच्या बरोबर वर उभे करा आणि एक डोळा मिटून खाली पाहायला सांगा. एकात एक बसलेली वेडीवाकडी कडी दिसतील. उभ्या कड्याच्या बाजूला ती एकमेकींना चिकटलेली असतात आणि उताराच्या बाजूला ऐसपैस. हाच समोच्च रेषांचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशात लगतच्या दोन रेषांमध्ये सहसा २० मीटरचा फरक असतो आणि कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आपल्या तालुक्याचा असा एखादा कागद शाळेत आणता आला तर मुले त्यात तासन्‌तास रमतात. आपले गाव, विहिरी, देवळाची खूण शोधत बसतात.

आता तुमच्या नदीविषयी. तुमचा तालुका या विषयासाठी फार भाग्याचा आहे, पावसाच्या बाबतीत नसला तरी. महादेवाच्या डोंगररांगा भीमेचे आणि कृष्णेचे खोरे वेगळे करतात. त्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब माणगंगेच्या बाजूला ओघळला तर तो सरकोलीला भीमेत जातो; त्याच्या शेजारचा थेंब खटावच्या बाजूला, येरळेच्या खोऱ्यात उतरला तर तो सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेत जातो. टीचभर अंतरावर पडलेले दोन थेंब असे दुरावतात आणि पुन्हा भेटतात ते थेट रायचूरच्या उत्तरेस, जिथे भीमा कृष्णेला मिळते. तिथून दोघे मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत जातात. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेला अरबी समुद्र पश्चिमेस हाकेच्या अंतरावर असताना ती सुमारे १,४०० किलोमीटरची वाट धरून पूर्वेला का जाते, हा प्रश्न या दोन थेंबांनंतर विचारावा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तुटलेला आणि पठार पूर्वेकडे कललेले आहे, हे उत्तर मुले स्वतः काढतात. मी माझ्या नातवंडांना पाटावर ओंजळभर पाणी ओतून हे दाखवले होते. पाटाच्या एका बाजूखाली वही सरकवली होती. घरात नंतर बोलणी बसली ती वेगळी.

पाणी खरोखर वर चढते ते फक्त पंपाने. टेंभू योजनेत कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने चढवून आटपाडी-सांगोल्याच्या अंगाला नेलेले आहे. ज्या आटपाडीपाशी तुमच्या विद्यार्थिनीची नदी ‘खाली’ येत होती, तिथेच पाणी ‘वर’ न्यायला किती वीज लागते हे मुलांना सांगा. एखाद्याच्या घरचे वीजबिलही कामी येईल.

उत्तर ४ : मेलबर्नकर

विषय माणदेशाचा असला तरी एक छोटी भर घालते. येथे रविवारी आम्ही काही पालक मुलांना मराठी शिकवतो. भारतातून आणलेल्या एका पुस्तकातील ‘दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो’ हे वाक्य वाचून एका मुलाने हात वर केला, कारण मेलबर्न ३८ अंश दक्षिण अक्षांशाच्या जवळ आहे आणि येथे मध्यान्हीचा सूर्य बाराही महिने उत्तरेलाच असतो. उत्तरेचे ऊन घरात यावे म्हणून येथे बैठकीची खोली त्या बाजूला असलेली घरे लोक आवर्जून शोधतात. ‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा’ हा समजही येथे पटकन तपासता येत नाही, उलट बळावतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि तेव्हा आमच्याकडे ऐन उन्हाळा असतो. माणमधील मुलांना मात्र हा समज एका वाक्यात मोडता येईल : जवळ आल्यावर उन्हाळा होत असता तर तुमच्याकडे जानेवारीत स्वेटर लागले नसते. गुरुजींनी मोडका पृथ्वीगोल टाकून देऊ नये. कणा नसलेला गोल हातात हवा तसा कलता धरता येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : माणदेशी गुरुजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे गेले, म्हणून काय झाले ते कळवतो.

काठीचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला, कारण मधल्या सुट्टीत कोणीतरी सकाळचा खडा लाथाडला. दुसऱ्या दिवशी खड्याऐवजी खिळा ठोकला आणि रेघ मिळाली. ती चुन्याने पक्की केली असून तिच्यावर उत्तर-दक्षिण रेघही काढली आहे. नकाशा तिच्यावर पसरला, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावली आणि मुलांना बसायला सांगितले, तेव्हा सर्वच्या सर्व मुले सवयीने दक्षिणेकडच्या कडेला दाटीवाटीने बसली. म्हणजे भिंतीवरचा नकाशा जमिनीवर आला, पण ‘वर’ जागच्या जागी राहिले. मग त्यांना नकाशाभोवती गोल बसवले. प्रश्न विचारणारी मुलगी उत्तरेच्या बाजूला आली. अक्षरे तिला उलटी दिसत होती. तिने वाकून सांगोल्यावर बोट ठेवले, ते सरकोलीकडे आणले आणि म्हणाली, “सर, आता नदी माझ्याकडं येतीया.” समोरच्या बाजूला बसलेला तिचा भाऊ म्हणाला, “माझ्याकडनं जातीया.” उत्तरेला चालली आहे यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

दगड आणि घमेल्याचा प्रयोग आरेखक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे केला. तेलखडू ओल्या दगडावर नीट उमटत नाही, म्हणून प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेचा भाग फडक्याने टिपून घ्यावा लागला. शिक्षिका मॅडमच्या भेंड्या मुलांना सर्वांत जास्त आवडल्या. माझी हार रोज होते.

चतुःसीमेच्या गृहपाठाने मात्र नवाच प्रश्न उभा केला आहे. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलेली चतुःसीमा आणि घरातील जुन्या खरेदीखतात लिहिलेली चतुःसीमा जुळत नाही. कागदात ओढा पश्चिमेस लिहिला आहे आणि रानात तो दक्षिणेस आहे. आजोबा काल स्वतः शाळेत आले, चुन्याच्या रेघेवर काठी टेकवून बराच वेळ उभे राहिले आणि त्यांच्या बांधावर येऊन अशीच एक रेघ मारून द्याल का, असे विचारून गेले. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्ग तिकडे नेण्याचा विचार आहे. पण सकाळची सावली गाठायची तर त्या दिवशी शाळा बांधावरच भरवावी लागेल. मुख्याध्यापकांना हे कोणत्या शब्दांत सांगावे, ते बाईंनी सुचवावे.